सापळा लावला म्हणजे अळी मेली नाही



आज कपाशीची नोंद थोडक्यात. दुसरी वेचणी निम्मी झाली. सप्टेंबरच्या पाण्यानं खालची बोंडं सडली होती ती गेलीच, वरची बरी आहेत. कामगंध सापळ्यात परवा रात्री सहा पतंग, काल नऊ. सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा असा हिशेब आहे, म्हणून आज-उद्या बघून ठरवणार. तुरीला फुलं चांगली आहेत. एवढंच.

आता जे लिहायला बसलोय ते दुसरंच आहे. गेल्या आठवड्यापासून डोक्यात घुमतंय.

धाकटी पोरगी बारावीला आहे. तिच्या कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. विषय काय, तर मुलांचं मानसिक आरोग्य. म्हणलं चांगली गोष्ट आहे, वेचणीच्या बाया सोडून गेलो. बाहेरून एक पाहुणे आलेले. चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. पण शेवटी भिंतीवर एक चौकोनी ठिपक्याठिपक्यांचं चित्र चिकटवलं, पोरांना म्हणाले मोबाईलनं स्कॅन करा, ॲप घ्या, रोज त्यात आपला मूड भरा. हसरा चेहरा, रडका चेहरा, मधले तीन. आणि म्हणाले, "आता समुपदेशक प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे." टाळ्या पडल्या. चहा-बिस्कीट झालं. फोटो निघाले.

मी टाळी वाजवली नाही. का वाजवली नाही ते तिथं बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी घरचं सांगतो. थोरल्याला विचारूनच लिहितोय. त्यानं वाचून दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या.

थोरला तेवीसचा. दोन वर्षं बाहेर राहून भरतीची तयारी केली. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, सगळं सोयाबीनवर. ग्राउंड निघालं, लेखीत दोनदा गेला. यंदा गुढीपाडव्याला घरी आला तो परत गेलाच नाही. आल्यावर पहिले पंधरा दिवस आम्हाला वाटलं थकलाय, झोपू द्या. मग जेवण कमी झालं. पारावर जाईना. मित्राचा फोन आला तर उचलेना. दिवसा झोपायचा आणि रात्री आखाड्यावर जाऊन पडायचा, हातात मोबाईल. मी दोनदा रात्री उठून बघितलं, तोंडावर मोबाईलचा उजेड. माझं एकच डोकं, हा रील बघतोय. बाप उन्हात मरतोय आणि हा रील बघतोय. जूनमध्ये पेरणीच्या घाईत एक दिवस माझं डोकं सरकलं. मोबाईल हिसकला. तो कायबी बोलला नाही. हात सोडला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

मोबाईल चालूच होता. मी बघितलं. रील नव्हती. तो कुठल्याशा ॲपला लिहीत होता. इंग्रजी अक्षरात मराठी. झोप येत नाही. छातीत दाब वाटतो. अण्णांच्या तोंडाकडं बघवत नाही. आणि पुढची जी वाक्यं होती तीच त्यानं काढायला लावली.

ॲप काय उत्तर देत होतं? दीर्घ श्वास घ्या. आज ज्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटतं त्या लिहा. निसर्गात फेरफटका मारून या.

पोरगं बारा एकरात मधोमध खाटेवर पडलंय. चहूबाजूला निसर्गच आहे. त्या निसर्गानंच तर ही वेळ आणली! हसू नका, मलाही नंतरच हसू आलं. त्या वेळी पाय गळाले होते.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी लबाड ठरेन. त्या ॲपवर रोज वर एक प्रश्न होता, आज कसं वाटतंय? मी मागं मागं सरकवून बघितलं. एप्रिलपासून रोज. आमच्या घरात अडीच-तीन महिन्यांत हा प्रश्न त्याला एकानंही विचारला नव्हता. मी विचारलं होतं, जेवला का, फॉर्म भरला का, पुढं काय ठरवलं. म्हणजे यंत्र विचारत होतं आणि बाप विचारत नव्हता. हे लिहिताना लाज वाटते. वाटू द्या.

म्हणून जे गाववाले पारावर बसून म्हणतात की मोबाईलनंच पोरं बिघडली, तो काढून घ्या म्हणजे सगळं ठीक होईल, त्यांच्याशी माझं पटत नाही. मी काढून घेऊन बघितला. बोलायची एकच जागा होती, ती मी बंद केली. मोबाईल परत दिला तेव्हा त्याच्या हातात हात ठेवून माफी मागितली, आमच्या घराण्यात बापानं पोराची माफी मागायची ही पहिलीच वेळ असेल.

आणि खिशात समुपदेशक आहे म्हणणाऱ्यांशी तर मुळीच पटत नाही.

आपल्या भाषेत सांगतो. कामगंध सापळा म्हणजे काय? एकरी दोन लावायचे. गोळीच्या वासानं नर पतंग येऊन पडतो. बोंडअळी किती आहे हे कळावं म्हणून निरीक्षणाला लावायचा, एवढ्या दोन सापळ्यांनी अळी मरत नाही. रोज जाऊन मोजावं लागतं, महिन्याच्या आत गोळी बदलावी लागते, आकडा वाढला तर पुढचं काम करावं लागतं. गावात कितीतरी जण अनुदानातले सापळे लावतात आणि पुन्हा बघतही नाहीत. पिशवी भरून वास सुटतो, बोंडं आतून पोखरलेली असतात आणि हे सांगतात, "सापळे लावले होते की हो."

हे मूडचं ॲप म्हणजे तसला सापळा. थोरल्यानं त्यात किती दिवस रडका चेहरा दाबला असेल? मी मोजले, एकतीस दिवस सलग. तीन दिवस आठ पतंग आले तर आम्ही पंप काढतो. एकतीस दिवस पोरगं रडका चेहरा दाबतंय, आणि जगात एका माणसाला त्याची खबर नाही. मोजणारा कोण होता? कोणीच नाही.

पाहुण्यांना मला हेच विचारायचं होतं. तुमच्या ॲपात माझ्या पोरीनं सलग दहा दिवस रडका चेहरा दाबला तर अकराव्या दिवशी कोण येणार? माणसाचं नाव सांगा.

आता कोणी म्हणेल, दहावी पास माणूस, याला काय कळतं यातलं. बरोबर आहे. पण पुतणी नर्सिंग करते, तिनं बरंच वाचून दाखवलं, समजावलं. त्यातलं जे पक्कं आहे तेच लिहितो.

गरज खोटी नाही. २०२२ सालात देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिला, सरकारी गुन्हे नोंदणीचाच आकडा आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले. बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ ला देशाचं मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. बारा राज्यं घेतली, त्यात महाराष्ट्र नव्हता, ही एक गंमतच. तर त्यात दिसलं की आजारानुसार बघितलं तर शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव लोकांना उपचारच मिळत नाहीत. डॉक्टर किती? लाख माणसांमागं एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नाही, पाऊण भरतो. तेही बहुतेक शहरात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. तीस वर्षं होत आली. माझं लग्न झालं, पोरं झाली, पोरं मोठी होऊन आजारी पडली, तरी तो कार्यक्रम आमच्या फाट्यापर्यंत आलेला मी बघितला नाही.

म्हणून माणूस नाही तर ॲप द्या, असं चाललंय. दुष्काळात चारा नाही तर चाऱ्याचा फोटो दाखवा.

ॲप वाईटच असतं असं म्हणत नाही. साधा ताण असेल, परीक्षेची धडधड असेल, तर श्वासाचा व्यायाम उपयोगी पडत असेल. आमच्याकडं थोरल्यालाही सुरुवातीला बरं वाटलं, तो स्वतः म्हणतो. पण ॲप म्हणजे कोणाचं तरी दुकान असतं, हे विसरू नका. अमेरिकेत वोबॉट नावाचं असंच गप्पा मारणारं ॲप होतं, २०१७ ला निघालं, मोठं नाव झालं. ३० जून २०२५ ला बंद. कंपनीनं ठरवलं, बंद केलं. ज्या पोरानं मन मोकळं करायला तीच एक जागा धरली असेल त्यानं पहिल्या जुलैला काय करायचं? गावातला वैदू म्हातारा झाला तर निदान मरताना पोराला मुळी दाखवून जातो.

दुसरं, तिथं सांगितलेलं जातं कुठं? तिकडंच बेटरहेल्प नावाची ऑनलाइन समुपदेशनाची मोठी कंपनी आहे. गुप्त ठेवू म्हणून लोकांना सांगितलं आणि त्यांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिली, असा ठपका तिथल्या सरकारी आयोगानं ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपण मोबाईलवर तणनाशकाचं नाव एकदा शोधलं की आठ दिवस तणनाशकाच्याच जाहिराती येतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. आता पोरगं रात्री दोन वाजता लिहितंय की कर्जाची काळजी वाटते. सकाळी त्याला पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात आली तर? आली असं म्हणत नाही. पण येणार नाही याची हमी कोण देतो ते सांगा.

भाषेचं तर बोलायलाच नको. "अँग्झायटी" वाटतेय का असं विचारतात. आमच्या पोराला अँग्झायटी वाटत नाही. त्याच्या पोटात खड्डा पडतो, जीव लागत नाही, करमत नाही, उमाळा येतो. हे शब्द त्या यंत्राला कळाले तर बोला.

मग काय कामी आलं?

पुतणीनं एक नंबर दिला, १४४१६. टेलि-मानस म्हणतात. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला चालू केलं. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, नेटपॅक लागत नाही. आणि मुख्य म्हणजे पलीकडं माणूस असतो.

थोरला आठ दिवस तयार होईना. शेवटी त्यानं खरं कारण सांगितलं. घरात बोललो तर आई ऐकेल, पारावर बोललो तर गाव ऐकेल, आखाड्यावर रेंज नाही. बघा, केवढी साधी अडचण! आपल्याकडं घर दोन खोल्यांचं, मोबाईल चौघांत दोन, आणि फोनवर बोलणाऱ्याला लगेच "कोणाचा रे फोन?" हा प्रश्न. शहरातल्या माणसानं ॲप बनवताना पोराची वेगळी खोली धरली आहे. आमच्यात वेगळी खोली ज्वारीच्या कणगीला असते.

रेंज येते विहिरीच्या पलीकडच्या बांधावर, आंब्याखाली. मी त्याला तिथं सोडला आणि स्वतः पार वरच्या धुऱ्यावर जाऊन उगाच गवत उपटत बसलो, आवाज येऊ नये म्हणून. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली. आला तेव्हा डोळे लाल होते, पण चाल वेगळी होती. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी आपणहून म्हणाला, "अण्णा, बाई होती. माझी आजी बोलायची तसं बोलली. घाई नव्हती तिला." मग सांगितलं की झोप आणि जेवण एवढे दिवस गेलंय तर डॉक्टरला दाखवा म्हणाली.

आता इथून पुढची कथा कडू आहे. फोनवरच्या बाईनं दार उघडलं, पण दाराच्या आत कोण? त्यांची रचनाच अशी आहे की पहिल्या पायरीला समुपदेशक, आणि गरज पडली तर पुढं तज्ज्ञ, दवाखाना. तो दवाखाना कोणता ते मी लिहीत नाही. दोन एसट्या बदलून सत्तर किलोमीटर. पहिल्या खेपेला त्या खोलीला कुलूप, डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला डॉक्टर होते, पण आम्ही पोचेपर्यंत केसपेपर बंद. तिसऱ्या खेपेला भेटले. माणूस चांगला होता, वीस मिनिटं बोलला, गोळ्या दिल्या, महिन्यानं या म्हणाला. तीन खेपांचं भाडं आणि तीन दिवसांची मजुरी धरा. ती खुरपणीची वेळ होती. किती बाप तिसऱ्यांदा जातील? मी गेलो कारण मी ती काढलेली वाक्यं वाचली होती. नसती वाचली तर दुसऱ्या खेपेनंतर म्हणलो असतो, जाऊ दे, होईल बरा.

किसान कॉल सेंटर आपल्याला माहीत आहे, २००४ पासून चालू आहे. फोन केला तर सल्ला मिळतो, चांगला मिळतो. पण त्यानं सांगितलेलं औषध तालुक्याच्या दुकानात नसेल तर त्या सल्ल्याचं काय लोणचं घालायचं? तेच इथं आहे. फोन पाहिजेच. फोनच्या पुढं रस्ता पाहिजे.

यातून वाट निघते, आणि ती आपल्याच राज्यात निघालेली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात काही वर्षांपूर्वी आत्मीयता नावाचं काम झालं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचं. त्यांनी गावातलीच माणसं निवडली, ज्यांच्याजवळ लोक आधीच मन मोकळं करतात अशी. त्यांना शिकवलं आणि हातात स्मार्टफोन दिले. फोनमध्ये छोट्या फिल्म होत्या, गावातल्यासारख्याच अडचणींच्या, आपल्या भाषेत. तो माणूस घरी जायचा, बसायचा, फिल्म दाखवायचा, मग बोलणं सुरू व्हायचं. आजार जास्त दिसला तर पुढं पाठवायचे. म्हणजे मोबाईल होताच, पण माणसाच्या हातात. पुढं हेच काम गुजरातेत मेहसाण्यात मोठं केलं. हे मला पटतं. पारावर चार जण मोबाईलवर कुस्ती बघतात तेव्हा बोलणं आपोआप निघतं की नाही? तसंच.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, आशाताईंना सांगा. त्यांच्या डोक्यावर आधीच किती ओझं आहे ते त्यांना विचारा आणि मग बोला. बाळंतिणी त्यांनी बघायच्या, डोस त्यांनी, सर्वेक्षण त्यांनी, आणि आता गावाचं मनही त्यांनीच फुकट सांभाळायचं? वेगळा माणूस नेमा, वेगळे पैसे द्या. ॲप बनवायला पैसे असतात, पाहुण्यांच्या गाडीला असतात, फ्लेक्सला असतात. गावातल्या एका शहाण्या बाईला महिन्याला मानधन द्यायची वेळ आली की तिजोरी रिकामी.

कॉलेजानं काय करावं तेही सांगतो, फुकटचा सल्ला आहे. ते ठिपक्यांचं चित्र राहू द्या. पण शेजारी १४४१६ मोठ्या आकड्यात लिहा, मुलींच्या बाजूलाही लिहा. आणि एक खोली द्या, जिथं दार लावून पोरगं फोनवर अर्धा तास बोलू शकेल आणि बाहेर उभं राहून कोणी विचारणार नाही. एक मास्तर ठरवा, ज्याच्याकडं पोरं जातील. पोरांनाच विचारा कोणता, त्यांना बरोबर माहीत असतं. शिस्तीच्या सरांना ते काम देऊ नका.

आणि आपण बाप लोक. आपल्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण आपल्याला सांगितलेलं आवडत नाही. एवढंच विचारतो, यंदा पाण्यानं पीक गेलं तेव्हा पंचनामा कधी होणार म्हणून आपण तलाठ्याला किती फोन केले? घरातल्या पोराला किती वेळा विचारलं?

थोरल्याचं आता कसं आहे म्हणून विचारणार, म्हणून सांगून टाकतो. बरा आहे. पूर्ण बरा आहे असं म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत, मनानं बंद करायच्या नाहीत म्हणून सांगितलंय. पंधरा दिवसाला आंब्याखाली जाऊन फोन लावतो. ते ॲप अजून आहे मोबाईलमध्ये, मी काढायला सांगितलं नाही. भरतीचं सध्या आम्ही दोघंही बोलत नाही. सकाळी सापळे तोच मोजतो, वर दिलेले आकडे त्याचेच आहेत.

येत्या गुरुवारी कॉलेजात त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग आहे, अकरा वाजता. पाहुणे परत येणार आहेत. अकराव्या दिवशी कोण येणार, हा प्रश्न मी या वेळी उभं राहून विचारणार आहे. एकट्यानं विचारला तर हसण्यावारी नेतील. ज्यांची पोरं तिथं शिकतात त्यांनी साडेदहाला फाट्यावर या, माझ्या गाडीत चार जण बसतील. वेचणी एक दिवस थांबली तर चालेल, पाऊस सांगितलेला नाही.